टर्बो गाडी आणि ठाण्याचा उकाडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मार्च लागला की एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत यायला लागते. "गाडी ओढत नाही." "पिकअप गेला." "टर्बो लागतच नाही." येणाऱ्याच्या चेहऱ्यावर मोठ्या खर्चाची भीती असते. गाडी तपासली की बऱ्याचदा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, ठणठणीत निघतो. आत जाणारी हवा तापलेली असते आणि इंजिन स्वतःला सांभाळून घेत असतं. बोनेट उघडून उभ्या उभ्या जे समजावतो, तेच इथे सविस्तर लिहिलं आहे.

उन्हाळ्यात गाडीचा दम खरंच कमी होतो, की नुसता भास?

खरंच कमी होतो. पेट्रोल जाळायला ऑक्सिजन लागतो आणि तो किती मिळेल हे आत गेलेल्या हवेच्या वजनावर ठरतं. हवा तापली की पसरते, तेवढ्याच जागेत कमी वजनाची मावते. साधारण ३ अंश तापमान वाढलं की हवेची घनता १ टक्क्याने उतरते. जानेवारीतल्या पहाटे येऊरच्या पायथ्याशी १८ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी त्याच ठिकाणी ३६ अंश धरले, तर फरक जवळपास ६ टक्क्यांचा पडतो.

कंपनीच्या माहितीपत्रकावर छापलेली ताकदसुद्धा ठरावीक हवेसाठी असते. मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीत २५ अंश तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेचा दाब हा आधार धरतात. आपल्याकडे मे महिन्यात २५ अंश रात्रीसुद्धा मिळत नाहीत.

टर्बो तर हवा दाबूनच भरतो. मग बाहेरच्या गरमीचं त्याला काय?

सगळी गोम इथेच आहे. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, ते आठवा. हवा दाबली की ती गरम होते. टर्बोचा चाक-पंखा हेच काम करतो, तेही मिनिटाला २ लाख फेऱ्यांच्या आसपास जाणाऱ्या वेगाने, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला पेट्रोल गाडीत ९०० अंशांच्या वर जाणारा धूर आदळत असतो.

हिशोब करून पाहू. टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरा. ३६ अंशांची हवा टर्बोतून बाहेर पडते तेव्हा १३० अंशांच्या पुढे गेलेली असते. ही दाबलेली हवा थंड करणारा भाग म्हणजे इंटरकूलर; चांगला असेल तर तो तिला ६५ च्या आसपास आणतो. जानेवारीतली १८ अंशांची हवा याच प्रवासातून ४५ वर येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: टर्बोत शिरताना हवा १ अंशाने जास्त गरम असेल, तर बाहेर पडताना ती सुमारे १.३ अंशाने जास्त गरम निघते. म्हणजे उन्हाळा टर्बोच्या आत थोडा वाढूनच पुढे जातो.

दाब मात्र इंजिनाचा कॉम्प्युटर बऱ्यापैकी राखतो. म्हणून नुसत्या आकड्यांवर पाहिलं तर टर्बो गाडीचं नुकसान फार वाटत नाही. खरा घाव नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटण्याच्या भीतीने बसतो, तो पुढे सांगतो.

इंटरकूलर म्हणजे काय आणि तो माझ्या गाडीत कुठे आहे?

दाबलेली हवा थंड करणारा छोटा रेडिएटर. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या बंपरच्या आत असतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यावर चालतो. काही इंजिनांत, उदाहरणार्थ फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआयमध्ये, तो सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो आणि पाण्यावर चालतो. त्या पाण्यासाठी वेगळा पंप आणि पुढे वेगळा रेडिएटर असतो. पाण्यावरचा लवकर तापत नाही, पण एकदा तापला की थंड व्हायलाही वेळ घेतो. वाऱ्यावरचा थांबल्या गाडीत पटकन तापतो आणि गाडी धावायला लागली की पटकन निवतो.

घोडबंदर रोडला तासभर रखडल्यावर पुढे रस्ता मोकळा मिळतो, तेव्हाच गाडी ढेपाळते. असं का?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ठाण्यातल्या गाड्यांचं दुखणंही हेच. एप्रिलच्या उन्हापेक्षा आपल्या गाडीला कासारवडवली ते कापूरबावडी हा रखडलेला पट्टा जास्त तापवतो.

गाडी रांगत असते तेव्हा टर्बो फारशी हवा दाबत नाही, म्हणजे त्याची स्वतःची उष्णता कमीच असते. पण समोरून वारा बंद. एसीचा कंडेन्सर आपली गरम हवा मागे फेकतो, रेडिएटर फेकतो, खालून सायलेन्सरचा पाइप आणि डांबर तापवतं, पुढे उभी बस आपला धूर तुमच्या ग्रीलमध्ये सोडते. पाऊण तासात बोनेटखालची प्रत्येक वस्तू भिजत घातलेल्या डाळीसारखी उष्णता पिऊन फुगते: इंटरकूलर, इनटेकचे पाइप, मॅनिफोल्ड. स्कॅनर लावून गाडी चालवली की हे डोळ्यांना दिसतं. बाहेर ३४, आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान ६० च्या वर सरकलेलं.

मग माजिवड्याचा पूल चढताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता. हवा दाबली जाऊन आणखी तापते, इंटरकूलरकडे थंडावा उरलेला नसतो, कॉम्प्युटर ताकद आवरती घेतो. तुम्हाला वाटतं टर्बो मेला.

उपाय फुकट आहे. मोकळा रस्ता मिळाल्यावर पहिले एक-दोन किलोमीटर पाय हलका ठेवा, ५०-६० च्या वेगाने वारा आत जाऊ द्या. वाऱ्यावरचा इंटरकूलर तेवढ्यात बराचसा सावरतो. हीच गाडी पाम बीच रोडवर, खाडीचा वारा लागल्यावर, पुन्हा तशीच पळते की नाही ते बघा. पळाली, तर तुमचा टर्बो ठीक आहे.

फोन ३६ अंश दाखवतो, गाडीचा डिस्प्ले ४१. खरं कोणाचं?

दोन्ही आपापल्या जागी खरे. गाडीचा बाहेरचा सेन्सर बहुधा बंपर किंवा आरशापाशी असतो आणि तापलेल्या रस्त्यावरची हवा मोजतो. इंजिनाला तिसराच आकडा लागतो, इंटरकूलरनंतरच्या हवेचा. तो पाहायचा असेल तर गाडीतल्या ओबीडी पोर्टला (तपासणीसाठी दिलेल्या सॉकेटला) लावायचं छोटं यंत्र आणि फोनवरचं ॲप पुरतं.

हवा गरम झाली की कॉम्प्युटर ताकद का कापतो?

सिलिंडरमधलं मिश्रण प्लगच्या ठिणगीने, ठरल्या वेळी, एका बाजूने जळत जायला हवं. हवा आधीच फार तापलेली असेल तर ज्वाला पोहोचण्याआधी कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. चढावर ऐकू येणारी ती कडकड, तेच नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतो. इंजिनावरचा नॉक सेन्सर हे कान देऊन ऐकत असतो. जरा चाहूल लागली की कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, आणि गरज पडली तर टर्बोचा दाबही उतरवतो. ठिणगी उशिरा पडली की ताकद घटते आणि तीच उष्णता धुराबरोबर टर्बोकडे जाते. म्हणून गरम दिवशी सतत पूर्ण दाबून चालवलेली गाडी स्वतःला आणखी तापवत नेते.

ही अडचण टर्बो गाड्यांइतकीच जुनी आहे. १९६२ साली अमेरिकेत आलेली ओल्ड्समोबिल जेटफायर ही पहिल्या टर्बो मोटारींपैकी एक. तिच्यात नॉकिंग थांबवायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण ठेवायची वेगळी टाकीच होती. ती रिकामी झाली की दाब आपोआप मर्यादित व्हायचा. लोक टाकी भरायला विसरायचे. आज तेच राखणीचं काम सेन्सर करतात, तुम्हाला काही भरावं लागत नाही.

मग जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल भरू का? आणि ई२० मुळे गाडी जास्त तापते का?

जास्त ऑक्टेन म्हणजे आपोआप पेट घ्यायला जास्त विरोध, एवढाच अर्थ. त्यात ताकद जास्त नसते. टर्बो गाडी, भर उन्हाळा, चार माणसं आणि घाट अशी वेळ असेल तर फरक जाणवू शकतो, कारण कॉम्प्युटरला ठिणगी मागे ओढावी लागत नाही. रोज तीन हात नाका ते महापे असाच प्रवास असेल तर ते पैसे इंटरकूलर साफ करण्यात घाला.

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच जास्त असतो आणि वाफ होताना ते आजूबाजूची उष्णताही जास्त शोषतं. म्हणजे नॉकिंगच्या बाजूने पाहिलं तर ते टर्बो इंजिनाला मदतच करतं. मात्र त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून मायलेज उतरतं. तुमचं मॉडेल ई२० साठी बनलेलं आहे का, ते इंधनाच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. इथेनॉलने रबरी भाग खराब होण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि जुन्या गाड्यांनी तो हलक्यात घेऊ नये.

पावसाळ्यात गाडी जास्त मोकळी पळते असं वाटतं. हवा तर दमट असते!

तुमचं निरीक्षण बरोबर आहे, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे. दमट हवेत पाण्याच्या वाफेने ऑक्सिजनची जागा अडवलेली असते. आपल्याकडे जुलैत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या वर जातं. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनाला हा तोटा सरळ बसतो. टर्बो गाडीत दुसऱ्या बाजूने तीन फायदे होतात. हवा ३६ ऐवजी २७ अंशांची असते. पावसाचे तुषार बंपरमधून थेट वाऱ्यावरच्या इंटरकूलरवर बसतात आणि तो ओल्या माठासारखा निवतो. शिवाय वाफ स्वतःच नॉकिंगला आवर घालते. तिन्ही मिळून कॉम्प्युटर हात सैल सोडतो.

सर्वांत वाईट दिवस कोणते, तर मे महिन्याचा शेवट आणि ऑक्टोबर. उकाडाही आणि दमटपणाही, वर पाऊस नाही.

पावसाबद्दल एक कळकळीची सूचना: साचलेल्या पाण्यात टर्बो गाडी घालू नका. हवा ओढायचं तोंड काही गाड्यांत खूप खाली असतं. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नका. ढकलून बाहेर काढा आणि टोइंगला फोन करा.

कसारा किंवा बोरघाट चढताना काय सांभाळायचं?

उंचीची काळजी टर्बोवाल्यांनी फार करू नये. लोणावळ्याला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण ७ टक्के, तर महाबळेश्वरला १५ टक्के कमी असतो. साधं इंजिन तेवढं हरतं; टर्बो जास्त फिरून बराचसा तोटा भरून काढतो. वरची हवाही थंड असते.

घाटात त्रास होतो तो कमी वेग आणि जास्त ओझं एकत्र आल्याने. वारा कमी, काम जास्त. सर्वांत मोठी चूक म्हणजे वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून गाडी ओढणं. थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत अशा वेळी ठिणगीच्या कितीतरी आधी मिश्रण पेटण्याचा धोका असतो, आणि तो साध्या नॉकिंगपेक्षा फार जास्त मारक आहे. गिअर खाली टाका, इंजिन २५०० ते ३५०० मध्ये फिरू द्या. आवाज वाढतो म्हणून घाबरू नका; पाण्याचा आणि ऑइलचा पंपही त्याबरोबर जास्त फिरतो. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड वापरा. पुढच्या ट्रकच्या शेपटीला चिकटू नका, त्याची गरम हवा तुमच्या रेडिएटरमध्ये येते.

एसी बंद केला तर खरंच फरक पडतो?

पडतो. लहान गाडीत कंप्रेसर ३ ते ५ हॉर्सपॉवर खातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंडेन्सर इंटरकूलर-रेडिएटरच्या वाटेतली हवा तापवतो. तरीही लहान मूल किंवा आजी-आजोबा मागे बसलेले असताना शिळफाट्यावर एसी बंद करा असं मी कधीच सांगणार नाही. घाटातल्या चार-पाच मिनिटांच्या कठीण चढापुरता पंखा कमी करणं पुरेसं आहे.

इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जायला लागला तर?

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. केबिनचा हीटर हा छोटा जादा रेडिएटरच असतो. हळू बाजूला घ्या. काटा उतरत असेल आणि वाफ नसेल तर इंजिन आयडलवर राहू द्या, पंप आणि पंखा उष्णता बाहेर काढतात. वाफ दिसली, कूलंट सांडताना दिसलं किंवा काटा लाल पट्ट्यात गेला, तर लगेच बंद करा.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं. झाकण सैल होताच ते उकळून उसळतं. या एका चुकीने भाजलेले हात मी पाहिले आहेत. किमान अर्धा-पाऊण तास थांबा, मग जाड फडक्याने, थोडं थोडं फिरवून उघडा.

कूलंटऐवजी साधं पाणी चालतं का?

रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत यायला चालतं. नंतर लगेच काढून योग्य कूलंट भरा. कूलंट उकळबिंदू वाढवतं आणि आतल्या ॲल्युमिनियमला गंज-क्षारांपासून वाचवतं. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत आणि टर्बोच्या पाण्याच्या वाटेत पापुद्रे धरतात. हिरवं, लाल, गुलाबी या रंगांवर जाऊ नका, रंगाला ठरलेला नियम नाही. मॅन्युअलमधला प्रकार बघा आणि दोन प्रकार मिसळू नका.

गाडी बंद करण्याआधी थोडा वेळ चालू ठेवायची का?

शहरातल्या रोजच्या प्रवासानंतर गरज नाही. सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत हळू येण्यातच ते काम होतं. एक्सप्रेसवेवर ताणून चालवल्यावर लगेच फूड मॉलला थांबत असाल, घाट चढून वर थांबत असाल, तर मिनिट-दीड मिनिट आयडलवर ठेवा. इंजिन बंद झालं की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि लालबुंद टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल करपून कोळसा होतं. हा कोळसा वर्षानुवर्षं साचतो आणि मग एक दिवस टर्बो शिट्टी मारायला लागतो.

ऑइल कोणतं?

मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. "गरम प्रदेश आहे, जाड टाका" हा सल्ला आजच्या टर्बो इंजिनांना लागू नाही. थेट इंजेक्शन टर्बो पेट्रोल असेल तर डब्यावर एपीआय एसपी हा दर्जा किंवा कंपनीने सांगितलेली मान्यता आहे का ते बघा. २०२० मध्ये आलेल्या या दर्जात वर सांगितलेल्या अवेळी पेटण्यापासूनचं संरक्षण आहे. रोज तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये जात असेल तर किलोमीटर पूर्ण व्हायची वाट बघू नका, इंजिन उभ्या उभ्याही चालतच असतं.

डिझेल टर्बोला हे सगळं लागू आहे का?

अर्धंच. डिझेलमध्ये पेट्रोलसारखं नॉकिंग नसतं, म्हणून उकाड्यात ते कमी कुरकुरतं. मात्र हवा विरळ झाली की धूर वाढू नये म्हणून कॉम्प्युटर डिझेल कमी सोडतो. २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्याला साचलेली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापावं लागतं. नुसत्या कळवा-ऐरोली फेऱ्यांत ते पूर्ण होत नाही. आठवड्यातून एकदा पनवेलच्या दिशेने अर्धा तास सलग चालवा, आणि त्या वेळी वाळक्या गवतावर गाडी उभी करू नका.

बोनेटखाली उघडा फिल्टर, रिमॅप, मोठा इंटरकूलर: काय करावं?

उघडा कोन फिल्टर ठाण्यात बसवू नका. कंपनीची हवा बाहेरून येते, हा फिल्टर बोनेटखालची ५०-६० अंशांची हवा ओढतो. आवाज छान येतो, ताकद जाते.

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं: जास्त दाब, जास्त उष्णता. करणारा माणूस मे महिन्यातल्या दुपारी रस्त्यावर लॉग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घेऊन दाखवत असेल तरच विचार करा, आणि वॉरंटी जाईल हे धरूनच. इंटरकूलर मोठा करणं या तिघांत सर्वांत शहाणपणाचं, पण फिटिंग नीट नसेल तर एसीच्या कंडेन्सरची हवा अडते आणि एक दुखणं घालवून दुसरं घरी येतं.

हे उकाड्यामुळे आहे की खरंच बिघाड, कसं ओळखू?

पहाटे साडेपाचला, गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन नीट गरम झाल्यावर ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक फेरी मारा. पहाटे चांगली आणि दुपारी ढिली असेल तर उष्णतेची बाजू तपासा. पहाटेही ढिलीच असेल तर बिघाड शोधा.

खारघरच्या एका ग्राहकांची गाडी अशीच सकाळी छान, दुपारी बसलेली. पुढचा बंपर काढला तर कंडेन्सर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत बांधकामाची धूळ, सावरीचा कापूस आणि सुकलेला चिखल यांची गादी जमलेली. हलक्या पाण्याने, मागून पुढे, पाऊण तास धुतली. प्रेशर वॉशर जवळून मारला असता तर नाजूक पत्र्या वाकल्या असत्या. दुसरा कुठलाही भाग बदलला नाही.

दुसरी आठवण माझ्या चुकीची आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका गाडीचे प्लग आणि एअर फिल्टर बदलूनही पिकअप येईना. चार दिवसांनी सापडलं: इंटरकूलरच्या होजची क्लिप सैल होती आणि दाब वाढला की हवा फुसकन निसटत होती. त्या मालकांकडून मी मजुरी घेतली नाही. तेव्हापासून सगळ्यांत आधी होज आणि क्लिपा हाताने तपासतो. ॲक्सिलरेटर दिल्यावर फुस्स आवाज, होजच्या जोडावर तेलकट ओल, पेटलेला चेक इंजिनचा दिवा, निळा धूर किंवा महिन्याला ऑइल कमी होणं, यातलं काहीही असेल तर उन्हाळ्याला दोष देऊन थांबू नका, गाडी दाखवा.

गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा फिरत राहतो. बॅटरी उतरेल का?

नाही. बंद केल्यावर काही मिनिटं बोनेटखालचं तापमान उलट वाढतं, म्हणून पंखा आणि काही गाड्यांत छोटा विजेचा पाण्याचा पंप मुद्दाम चालू ठेवलेला असतो. तो आपोआप थांबतो. पाऊण तासानेही थांबला नाही, तर रिले किंवा तापमानाचा सेन्सर अडकला आहे. ती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आणा.